एक लिटर आकाराच्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन्स

कार्यालयांतून काही वर्षांच्या वापरानंतर बाजूला काढले जाणारे अगदी लहान डेस्कटॉप संगणक घरगुती सर्व्हर म्हणून चांगले काम देतात, हे मी ऐकून होतो. मात्र अशा एकाच संगणकावर अनेक व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आणि स्वतःची प्रणाली असलेले आभासी संगणक, अखंड आणि विश्वासाने चालवता येतात का, हे प्रत्यक्ष उभारणी केल्याशिवाय कळणारे नव्हते. लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि एचपीचे एलिटडेस्क मिनी ही या वर्गातली परिचित नावे होत. यांचे आकारमान साधारण एक लिटर असते, वीजपुरवठा लॅपटॉपप्रमाणे बाहेरच्या अडॅप्टरमधून होतो आणि आत एक वेगवान एनव्हीएमई एसएसडी, बहुतेक वेळा त्याहून संथ जोडणीची एक अडीच इंची साटा डिस्क आणि लॅपटॉपच्या मेमरीच्या दोन पट्ट्या बसतात. मी निवडलेल्या संगणकात इंटेलचा कोअर आय५-८५००टी हा २०१८ सालचा प्रोसेसर आहे. त्याला ६ कोर आहेत, मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ व कमाल वेग ३.५ गिगाहर्ट्झ आहे आणि त्याचे औष्णिक मान (सतत कामात बाहेर टाकायच्या उष्णतेची मर्यादा) ३५ वॅट आहे. त्याच्या आधीच्या पिढीतील डेस्कटॉप आय५ प्रोसेसरांना चारच कोर असत. त्यामुळे वापरलेला संगणक घ्यायचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हर्च्युअल मशीन्सकडे वळण्याचे कारण साधे होते. त्याआधी एकाच लिनक्स प्रणालीवर फायलींचा साठा, छायाचित्रांचा संग्रह, घरातील उपकरणांचे नियंत्रण आणि जाहिराती गाळणारी डीएनएस (संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधणारी) सेवा अशी सर्व कामे एकत्र चालत असत. एका सेवेला डेटाबेसची नवी आवृत्ती हवी असे, दुसरीला जुनीच चालत असे, आणि एकीच्या अद्ययावतीकरणासाठी संगणक पुन्हा सुरू केला की बाकीच्या सर्व बंद पडत. प्रत्येक कामाला स्वतःची स्वतंत्र प्रणाली मिळाली, ती इतरांना धक्का न लावता बंद-चालू करता आली आणि बिघडल्यास पूर्वीच्या स्थितीत नेता आली, तर ही ओढाताण संपणार होती. मोठ्या संगणकांवर ही सोय फार जुनी आहे. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच जाहीर केली होती. आपल्या नेहमीच्या वापरातील एक्स-८६ प्रोसेसरांची रचना मात्र या कामाला अनुकूल नव्हती. इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही या सुविधा थेट प्रोसेसरमध्ये दिल्या, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, २.६.२० या आवृत्तीत या सुविधा वापरून व्हर्च्युअल मशीन्स चालवणाऱ्या केव्हीएमचा समावेश झाला. आज एक लिटरच्या पेटीत चार-पाच प्रणाली शेजारी शेजारी चालतात, त्या या पायावर.

उभारणीची सुरुवात संगणक उघडण्यापासून झाली. जुन्या यंत्रात पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांमध्ये धूळ साचलेली असते आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती बदलल्यावर तापमानात दिसण्याजोगा फरक पडला. मेमरी मी प्रत्येकी १६ जीबीच्या दोन पट्ट्या बसवून ३२ जीबी केली आणि रात्रभर मेमटेस्ट चालवून ती तपासून घेतली. या वर्गातील संगणकांत चुका स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी सहसा चालत नाही, म्हणून ही तपासणी टाळू नये. त्यानंतर बायोस (संगणक सुरू होताना चालणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केला आणि तीन गोष्टी पाहिल्या: व्हर्च्युअलायझेशनची व्हीटी-एक्स सुविधा चालू आहे, उपकरणे थेट व्हर्च्युअल मशीनला देण्यासाठी लागणारी व्हीटी-डी चालू आहे, आणि वीज जाऊन परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होतो. कपाटात मॉनिटर आणि कीबोर्डशिवाय ठेवायच्या यंत्रासाठी ही तिसरी गोष्ट पहिल्या दोनइतकीच मोलाची आहे.

यजमान प्रणाली, म्हणजे प्रत्यक्ष संगणकावर बसून सर्व मशीन्स चालवणारी प्रणाली, म्हणून मी प्रॉक्समॉक्स निवडली. तिची पहिली आवृत्ती २००८ साली आली. डेबियनवर आधारलेल्या या प्रणालीत पूर्ण व्हर्च्युअल मशीन्ससाठी केव्हीएम आणि आभासी हार्डवेअर पुरवणारे क्यूएमू, तर हलक्या, वेगळ्या कप्प्यांसारख्या कंटेनरांसाठी एलएक्ससी वापरले जाते आणि सर्व कारभार ब्राउझरमधून चालतो. नेहमीच्या डेस्कटॉप प्रणालीवर व्हर्च्युअलबॉक्स बसवूनही व्हर्च्युअल मशीन्स चालवता येतात आणि शिकण्यासाठी तो मार्ग चांगला आहे. परंतु जिथे कोणी लॉग-इन करून बसणार नाही अशा यंत्रावर डेस्कटॉपचा भार वाहण्यात अर्थ नव्हता. पेनड्राइव्हवरून स्थापना थोड्याच वेळात झाली. ती निवडलेली डिस्क पूर्ण पुसते, हे मात्र आधी ध्यानात घ्यावे लागते. यजमानाला कायमचा आयपी पत्ता दिला, दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून ८००६ या पोर्टवर त्याचे नियंत्रण पान उघडले, सशुल्क वर्गणीदारांसाठीचा पॅकेज-स्रोत बंद करून विनावर्गणी स्रोत चालू केला आणि सर्व अद्ययावत करून घेतले.

खरा विचार डिस्कच्या मांडणीपाशी करावा लागला. डिस्कवरची जागा सांभाळण्यासाठी प्रॉक्समॉक्स झेडएफएस आणि एलव्हीएम-थिन असे दोन प्रमुख पर्याय देते. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची पडताळणी-बेरीज (चेकसम) ठेवते, त्यामुळे डिस्कवरचा मजकूर नकळत बिघडला तर ते उघडकीस येते आणि दोन डिस्कांची जोडी असल्यास दुरुस्तही होते. तिची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली म्हणजे मेमरी: लिनक्सवर झेडएफएसचा मेमरीतला वाचन-साठा (कॅश) पूर्वनिर्धारित स्थितीत दीर्घकाळ एकूण मेमरीच्या निम्म्यापर्यंत वाढत असे, प्रॉक्समॉक्सच्या ८.१ आवृत्तीपासून स्थापनेच्या वेळीच तो १० टक्क्यांवर, आणि जास्तीत जास्त १६ जीबीवर, मर्यादित केला जातो. दुसरी किंमत डिस्कवरच्या लेखनाची. व्हर्च्युअल मशीनमधील लहान लहान लेखने झेडएफएसच्या मोठ्या ब्लॉकांतून जाताना वाढतात, आणि सर्वसाधारण ग्राहकांसाठीच्या एसएसडीमध्ये सर्व्हरसाठीच्या एसएसडीसारखी वीज गेल्यावर माहिती राखणारी कपॅसिटरांची सोय नसल्याने लगेच डिस्कवर उतरवण्याची सक्ती असलेली लेखने संथ होतात व डिस्क लवकर झिजते. माझ्याकडे वेगवेगळ्या क्षमतेची आणि वेगाची एक एनव्हीएमई व एक साटा अशी विषम जोडी होती. म्हणून व्हर्च्युअल मशीन्ससाठी एनव्हीएमईवर एलव्हीएम-थिन घेतले, साटा डिस्क तात्पुरत्या प्रतींसाठी ठेवली आणि बिघाडापासूनचे संरक्षण पूर्णपणे बॅकअपवर सोपवले. दोन सारख्या, टिकाऊ डिस्क हाती असत्या तर मी निःसंशय झेडएफएसची जोडी लावली असती.

एलव्हीएम-थिनमध्ये १०० जीबीची म्हणून दिलेली डिस्क सुरुवातीला जवळजवळ काहीच जागा व्यापत नाही. जसजसे लेखन होते तसतशी ती प्रत्यक्ष जागा घेते. यामुळे असलेल्या जागेपेक्षा जास्त जागा वाटून देता येते, आणि नेमका इथेच धोका आहे. सामायिक साठा पूर्ण भरला तर आतल्या सर्व मशीन्सना लेखनाच्या चुका येऊ लागतात आणि त्यांच्या फाइल प्रणाली बिघडू शकतात. शिवाय मशीनच्या आत फाइल पुसली म्हणून यजमानाची जागा आपोआप मोकळी होत नाही. त्यासाठी त्या डिस्कच्या मांडणीत ‘डिस्कार्ड’ची खूण करावी लागते आणि मशीनच्या आत ठरावीक काळाने ट्रिम (मोकळी झालेली जागा डिस्कला कळवण्याची आज्ञा) चालवावे लागते. मी प्रत्येक लिनक्स मशीनमध्ये साप्ताहिक ट्रिम चालू केले आणि साठा ८० टक्क्यांवर गेला की सूचना येईल अशी व्यवस्था केली.

मेमरीचा हिशेब ही या छोट्या सर्व्हरची सर्वांत कठोर मर्यादा आहे. प्रोसेसरचा वेळ अनेकांत वाटता येतो. एका मशीनला नको असेल तेव्हा तो दुसऱ्याला मिळतो. मेमरीचे तसे नाही. व्हर्च्युअल मशीनने मेमरीचे एखादे पान (ठरावीक आकाराचा तुकडा) एकदा वापरले की यजमानाच्या दृष्टीने ते व्यापलेलेच राहते, मग आतल्या प्रणालीने ते मोकळे केले असले तरी. त्यातच लिनक्सची सवय अशी की रिकामी मेमरी फायलींच्या कॅशसाठी, म्हणजे वाचलेल्या फायली हाताशी ठेवण्यासाठी, वापरायची. परिणामी ८ जीबी दिलेले मशीन आत फक्त २ जीबीचे काम करत असले तरी काही दिवसांनी यजमानाकडे जवळपास पूर्ण ८ जीबी वापरात दिसते. हे पाहून मेमरी वाढवत नेण्याचा मोह होतो. वास्तविक करायचे असते त्याच्या उलट. मी प्रत्येक मशीनच्या आत शिरून, कॅश वगळता कामाला खरोखर किती मेमरी लागते ते काही दिवस नोंदले आणि त्यावर थोडी मोकळीक ठेवून वाटप केले. डीएनएस सेवेला ५१२ एमबी पुरली, उपकरणांच्या नियंत्रणाला २ जीबी, फायलींच्या साठ्याला ४ जीबी, आणि छायाचित्रांचा संग्रह, त्यातील चेहरे ओळखण्याच्या सोयीसह, ६ जीबीत नीट बसला. क्वचित लागणाऱ्या विंडोज मशीनला ८ जीबी दिली, पण ते कायम चालू ठेवलेले नाही. यजमानासाठी मी ३ जीबी अस्पर्श ठेवतो.

मेमरी वाचवण्याच्या दोन युक्त्या प्रणालीतच आहेत. बलूनिंगमध्ये यजमानावर ताण आला की आतल्या मशीनकडून न वापरलेली मेमरी परत मागितली जाते, आणि केएसएम वेगवेगळ्या मशीन्समधील तंतोतंत सारखी पाने शोधून त्यांची एकच प्रत ठेवते. यजमानाची मेमरी सुमारे ८० टक्के भरली की प्रॉक्समॉक्समध्ये हे काम सुरू होते. एकाच आवृत्तीची चार लिनक्स मशीन्स असतील तर केएसएमचा लाभ होतो. तरीही या युक्त्यांच्या भरवशावर वाटप करणे मला योग्य वाटत नाही. मेमरी खरोखर संपली तर यजमानाचे कर्नल सर्वाधिक मेमरी धरून बसलेली प्रक्रिया बंद करते, आणि ती प्रक्रिया म्हणजे बहुधा आपले सर्वांत महत्त्वाचे, डेटाबेस चालवणारे मशीन असते. सर्व मशीन्सच्या मेमरीची बेरीज प्रत्यक्ष मेमरीपेक्षा कमी ठेवणे हा नियम मी काटेकोरपणे पाळतो.

प्रोसेसरच्या बाबतीत इतकी काळजी करावी लागली नाही. ६ कोरांवर मी एकूण ११ व्हर्च्युअल कोर वाटले आहेत आणि सर्व सेवा एकदम जोरात चालण्याचे प्रसंग विरळच. एकाच मशीनला सहापेक्षा जास्त कोर देऊन काही साधत नाही, आणि जे काम एका कोरवर होते त्याला चार दिल्याने वेळापत्रकाची गुंतागुंत तेवढी वाढते. प्रोसेसरचा प्रकार ‘होस्ट’ ठेवला की खऱ्या प्रोसेसरच्या सर्व सूचना आत उपलब्ध होतात. चालू मशीन बंद न करता दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरवर हलवायचे असेल तरच अधिक सर्वसाधारण प्रकार निवडावा लागतो. दीर्घकाळ जोर लागणाऱ्या कामात मात्र ३५ वॅटची मर्यादा जाणवते: सुरुवातीचा वेग काही काळाने खाली येतो. हजारो छायाचित्रांची पहिली छाननी म्हणूनच मी रात्रीवर टाकली.

प्रत्येक गोष्टीसाठी पूर्ण मशीन लागत नाही, हेही या प्रवासात स्पष्ट होत गेले. एलएक्ससी कंटेनर यजमानाचेच कर्नल वापरतो, त्यामुळे तो क्षणात सुरू होतो आणि त्याला मेमरी फार कमी लागते. डीएनएस सेवा आणि चित्रफिती दाखवणारी जेलीफिन ही सेवा मी कंटेनरात ठेवली. जेलीफिनला चित्रफितीचे रूपांतर करण्यासाठी प्रोसेसरमधील ग्राफिक्सचा आधार लागतो. ते ग्राफिक्स कंटेनराला सामायिक स्वरूपात देता येते, तर पूर्ण मशीनला द्यायचे झाल्यास सहसा यजमानाकडून काढून त्या एकाच मशीनच्या हवाली करावे लागते. डॉकर या दुसऱ्या कंटेनर-साधनावर चालणाऱ्या सेवा मात्र मी पूर्ण व्हर्च्युअल मशीनमध्येच ठेवल्या. प्रॉक्समॉक्सचे दस्तऐवजही तीच शिफारस करतात, आणि जिथे बाहेरून येणारी विनंती पोहोचते तिथे स्वतंत्र कर्नलची भिंत असलेली बरी. विंडोजच्या स्थापनेत एक अडथळा सर्वांनाच येतो: व्हर्ट-आयओ प्रकारची (खास व्हर्च्युअल मशीन्ससाठी बनवलेली वेगवान) डिस्क विंडोजला सुरुवातीला दिसतच नाही. त्यासाठी ड्रायव्हरांची आयएसओ फाइल दुसरी सीडी म्हणून जोडून ठेवावी आणि डिस्क निवडण्याच्या पायरीवर तिथून ड्रायव्हर घ्यावा. विंडोज ११ ला लागणारे टीपीएम ही सुरक्षा-चिपही प्रॉक्समॉक्स आभासी स्वरूपात पुरवते.

या संगणकांना सहसा नेटवर्कचे एकच पोर्ट असते. यजमानाने बनवलेला ब्रिज हा त्या पोर्टला जोडलेल्या स्विचप्रमाणे वागतो आणि प्रत्येक मशीनला घरच्या नेटवर्कात स्वतःचा पत्ता मिळतो. मोठ्या फायली सतत पाठवत असताना माझ्या संगणकातील नेटवर्क कार्ड अधूनमधून थबकत असे, आणि मग आतले सर्व काही चालू असूनही बाहेरून संपूर्ण सर्व्हर मृत भासे. यजमानाच्या नोंदींत हार्डवेअर अडकल्याचे संदेश सापडले. पाकिटांचे तुकडे करण्याचे जे काम कार्डावर सोपवलेले असते ते बंद करून प्रोसेसरकडे दिल्यावर हा त्रास थांबला. प्रोसेसरवर पडलेला वाढीव भार लक्षातही येत नाही. डीएनएस सेवेबाबतही विचार करावा लागला. घरातील सर्व उपकरणे नावांच्या शोधासाठी या सर्व्हरवर विसंबली, तर सर्व्हर बंद असताना घरातले इंटरनेटच बंद पडल्यासारखे होते, आणि दुरुस्तीसाठी शोध घ्यायला हाती काही उरत नाही. म्हणून यजमान स्वतः नेहमी राउटरकडूनच नावे विचारतो, आणि डीएनएसची दुसरी प्रत एका वेगळ्या लहान यंत्रावर चालते.

विजेच्या बाबतीत हा संगणक अतिशय समाधान देतो. सॉकेटवरील मापकावर माझा सर्व्हर, सर्व सेवा चालू पण निवांत असताना, सुमारे १५ वॅट घेतो. वर्षभर अखंड १० वॅट म्हणजे ८७.६ युनिट, त्या हिशेबाने हा खर्च वर्षाला साधारण १३१ युनिटांचा होतो. छोटा यूपीएस जोडला आहे आणि बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की तो यूएसबीवरून यजमानाला कळवतो. मग मशीन्स उलट्या क्रमाने नीट बंद होतात. सुरू होतानाचा क्रमही ठरवून दिला आहे: आधी डीएनएस, मग फायलींचा साठा, आणि त्यानंतर काही सेकंद थांबून त्या साठ्यावर अवलंबून असलेल्या सेवा.

बॅकअपकडे मी सर्वांत जास्त लक्ष दिले, कारण सर्व मशीन्स एकाच डिस्कवर आणि वीजपुरवठा एकाच अडॅप्टरवर असलेल्या यंत्रावर बाकी कोणतेही संरक्षण नाही. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, फार उपयुक्त आहे. मोठ्या अद्ययावतीकरणाआधी तो घ्यावा आणि काम जमल्यावर पुसावा. पण तो त्याच डिस्कवर राहतो आणि डिस्कबरोबरच जातो, म्हणून त्याला बॅकअप मानता येत नाही. सुरुवातीला मी प्रॉक्समॉक्सच्या अंगभूत सोयीने साटा डिस्कवर संपूर्ण प्रती घेत होतो. नंतर त्याच वर्गातला एक अधिक जुना संगणक मिळवून त्यावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बसवला. तो माहितीचे तुकडे करून सारखे तुकडे एकदाच साठवतो, त्यामुळे अनेक दिवसांच्या प्रती मिळूनही जागा थोडीच लागते. मशीन चालू असताना कोणते ब्लॉक बदलले याची नोंद क्यूएमू ठेवते, म्हणून रोजचा बॅकअप लवकर उरकतो. मशीन बंद करून पुन्हा चालू केले की ही नोंद जाते आणि पुढच्या वेळी पूर्ण डिस्क वाचावी लागते, पण पाठवले जातात ते फक्त नवे तुकडेच. प्रत्येक मशीनमध्ये क्यूएमूचा गेस्ट एजंट बसवणे गरजेचे आहे: प्रत घेण्याच्या क्षणी तो आतली फाइल प्रणाली थोडा वेळ गोठवतो आणि प्रत सुसंगत राहते. डेटाबेसचा मी याउपर स्वतंत्र निर्यात-बॅकअपही घेतो.

प्रत घेतली जाते आहे एवढ्याने माझे समाधान होत नाही, म्हणून ती परत उभी करून पाहण्याची पद्धत बसवली. बॅकअपमधील मशीन नव्या क्रमांकाने आणि नव्या मॅक पत्त्यासह (नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकासह) पुनर्स्थापित करायचे, त्याची नेटवर्क जोडणी सुरू करण्याआधीच तोडायची, नाही तर एकाच आयपी पत्त्याची दोन मशीन्स एकमेकांशी झगडतील, आणि मग कन्सोलवरून आत जाऊन सेवा चालू होतात का, ताजी नोंद डेटाबेसमध्ये आहे का आणि शेवटचे छायाचित्र उघडते का, हे पाहायचे. छायाचित्रांच्या मशीनची पहिली अशी चाचणी पूर्ण झाली तेव्हा मला फार मोठा दिलासा वाटला. त्या दिवसानंतरच मूळ छायाचित्रे मी निर्धास्तपणे या सर्व्हरवर ठेवू लागलो.

दोन संगणक झाल्यावर त्यांचे क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणारा गट, करण्याचा विचार आला होता. प्रॉक्समॉक्सचे क्लस्टर बहुमतावर चालते आणि दोनच सदस्य असतील तर एक बंद पडताच दुसऱ्याकडे बहुमत उरत नाही. मग तो नवीन मशीन सुरू करू देत नाही किंवा मांडणीत बदलही करू देत नाही. तिसरे मत देण्यासाठी एखादे लहान यंत्र जोडता येते, परंतु माझ्या कामासाठी ती गुंतागुंत मी नाकारली. दोन्ही संगणक स्वतंत्र आहेत. मुख्य संगणक बंद पडला तर दुसऱ्यावर प्रॉक्समॉक्स आधीच बसवलेले आहे, बॅकअप सर्व्हर त्याच्याच एका मशीनमध्ये चालतो आणि तिथून डीएनएस, फायलींचा साठा व उपकरणांचे नियंत्रण या तीन सेवा त्याच्या १६ जीबी मेमरीत उभ्या करता येतात. छायाचित्रांचे मशीन त्यांच्यासोबत तिथे बसत नाही. ते मुख्य संगणक दुरुस्त होईपर्यंत थांबेल, आणि बॅकअपची आणखी एक कूटबद्ध प्रत दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर जाते.